साच्यावरचा श्वास

गल्लीच्या तोंडाशी चिकट भाताचे मुटके विकणाऱ्या बाईचा चेहरा त्या सकाळी आत गेलेला दिसला. सुजलेला नव्हता, खप्पडही झालेला नव्हता. आत गेलेला होता. नाक जिथे पुढे यायचं तिथे तेवढंच मागे, गालांच्या जागी दोन वाट्या, कपाळ परातीसारखं खोल, आणि या सगळ्या खळग्याच्या तळाशी डोळे. वाफेच्या पलीकडून ती नेहमीसारखीच बोलत होती. गोड की खारट, तळलेली पिठाची काडी घालू की नको. मियाओ शिंगगननं डोळे मिटले, उघडले. उजेड त्याच्या डाव्या हाताला, पुलाच्या बाजूनं येत होता, आणि बाईच्या चेहऱ्यावरची सावलीही डावीकडेच साचली होती. उंचवट्याची सावली उजेडाच्या उलट बाजूला पडते, खोलगटाची उजेडाच्याच अंगाला. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सारा जन्म त्यानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. तो अर्धं पाऊल सरकला, तर तो खोल चेहराही त्याच्याबरोबर किंचित वळल्यासारखा झाला. "काय बघताय, उस्ताद?" बाई म्हणाली. "माझ्या तोंडाला सोनं लागलंय का तुमच्या टांकसाळीतलं?" रांगेतलं कुणीतरी हसलं. शिंगगननं खाली बघत मुटका घेतला, गरम पानासकट खिशात टाकला आणि चालू लागला. भूक मेली होती. एकच विचार डोक्यात आला आणि तिथेच बसून राहिला : आज दुपारी दवाखान्यात गेलो आणि युएचनचा चेहराही असाच दिसला, तर?

युएचन, त्याची बायको, तीन आठवड्यांपासून नदीपलीकडच्या दवाखान्यात होती. डॉक्टर आता काही बोलत नसत, येता-जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवत; त्यावरून जे कळायचं ते कळलं होतं. ती शुद्धीवर होती, कधी कधी विनोदही करायची. तिनं त्याच्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मात्र मागितलं. तिची थोरली बहीण बाहेर पाणी भरायला गेल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ताई असली, गावाकडच्या बाया असल्या, तर प्रश्नच नाही. त्या म्हणतील. पण कुणीच नसलं तर तू आहेस. मी जाताना बुद्धाचं नाव घ्यायचं. मनात नाही, मुक्या, मोठ्यानं. माझ्या कानाशी. नमो मी म्हणेन, पुढचं तू झेल." मग थोडं थांबून, दम खाऊन, हसून म्हणाली, "रडायचं नाही, अंगावर थेंब पडू द्यायचा नाही, मागाहून देहाला हात लावायचा नाही, ते तुला शिकवायला नको. तुझा धंदाच तो. फक्त आवाज दे." तो हो म्हणाला होता. त्या एका 'हो'वर ती किती निर्धास्त झाली, हे तिच्या उशीवरच्या मानेकडे बघूनच कळत होतं.

तो आणि युएचन एकाच गावचे. नदीकाठी, जिथे पाणी समुद्रासारखं रुंद होतं आणि पलीकडचा काठ फक्त हिवाळ्यात दिसतो. त्या गावात कुणाच्या घरी साठी असो, नवं घर असो, मूल आजारातून उठलेलं असो, पोथी गायला कथेकरी यायचा. चौकोनी टेबल, दोन लाल मेणबत्त्या, टिपरूनं ठोका धरायचा पोकळ लाकडी मासा, एक लहानशी घंटा. कथेकरी दोन ओळी गायचा आणि तिसरी अर्ध्यावर अशी हवेत सोडून द्यायचा, की ऐकणारा आपोआप पुढे झुके. आणि टेबलाभोवतीच्या बाया अमिताभ बुद्धाचं नाव घेत ती ओळ झेलायच्या, नमो अमितोफो. मग कथा एक पाऊल पुढे जाई. झेलणारं कुणी नसेल तर कथेकरी कितीही गोड गळ्याचा असो, त्याची होडी एका वल्ह्यानं जिथल्या तिथे फिरत राहते. सांगणाऱ्याचं पुण्य अर्धं आणि झेलणाऱ्याचं अर्धं, असं सगळेच म्हणत, आणि खुद्द कथेकरी तर म्हणे की झेलणाऱ्याचं काकणभर जास्त. युएचन झेलणारी होती. तिचा आवाज काही गोड नव्हता, किंचित घोगरा होता, कोवळ्या बांबूला चीर गेल्यासारखा. पण ती कधीच उशीर करायची नाही. ओळ सुटली की तिचं अमितोफो तिथे आधीच उभं असे. शिंगगन भिंतीला टेकून बसायचा आणि सगळ्यांबरोबर ओठ हलवायचा. ओठच फक्त. एकदा विहिरीपाशी ती त्याला म्हणाली होती, "ओठ तर हलतात रे तुझे, आवाज कुठे ठेवून येतोस?" त्या प्रश्नावर त्यानं लग्न केलं, असं पुढे ती सगळ्यांना सांगायची.

टांकसाळीच्या फाटकाशी कपडे बदलताना त्यानं आरशात बघायचं टाळलं. पांढरा डगला, टोपी, तोंडावर जाळीचा रुमाल. आता रुमाल होता. तो आला तेव्हा रुमाल नव्हते, तेव्हा तिंग उस्ताद होते. तिंग उस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी एक पोलादी साचा दिला आणि विचारलं, काय दिसतंय. पिसारा फुलवलेला मोर दिसतोय, तो म्हणाला. वर आलाय की आत गेलाय? वर आलाय. उस्तादांनी साचा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साच्यात चित्र खोल कोरलेलं असतं, म्हणजे सोन्यावर ते उठून येतं. पण माणसाचा डोळा लबाड, त्याला खोलगट सहन होत नाही, खास करून चेहऱ्याचं. चेहरा दिसला की तो ओढून बाहेरच काढतो. जो डोळा खोलीला उंची समजतो त्याच्या हातात घासायची काडी द्यायची कशी? नाकाचं टोक समजून तो तळ कोरेल. "तू सरकलास आणि चेहरा तुझ्याबरोबर वळला, तर समज फसलास," उस्ताद म्हणत. "खोलाला खोल बघायला शिक. बाकी सगळं हात आपोआप शिकतो." कितीतरी महिने गेले. शेवटी एका दुपारी एका म्हाताऱ्या तत्त्वज्ञाचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत आत गेला, पाण्यात दगड बुडावा तसा शांतपणे, आणि तिथेच राहिला. त्याला इतका आनंद झाला की तो ओरडलाच, उस्ताद, गेला आत! त्यावर मानगुटीत एक चापट बसली. कारण तो साच्यावर तोंड उघडून ओरडला होता.

साच्यावर बोलायचं नाही. हा दुसरा धडा, आणि पहिल्याहून कडक. आरशासारख्या पोलादावर थुंकीचा डोळ्याला न दिसणारा कण उडाला, श्वासाची वाफ बसली, तरी तिथे ठिपका उमटतो. तो त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर उतरतो, आणि ते नाणं वितळवण्यापलीकडे कशाच्याच कामाचं राहत नाही. म्हणून वाकण्याआधी श्वास भरायचा, ओठ मिटायचे, काम होईतो धरून ठेवायचा. मग मान डाव्या खांद्याकडे वळवायची, तिथे सोडायचा, तिथेच नवा घ्यायचा आणि परत यायचं. शिंगगनला हे इतकं अंगवळणी पडलं की पुढे रुमाल आले, हवा गाळणारी यंत्रं आली, तरी मान आपली वळतच राहिली. घरी दिव्याखाली शेजारच्या मुलीच्या पायातला काटा काढताना वळायची. युएचनच्या पाठीवर मलम चोळताना वळायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत, अंधारात, तिच्या चेहऱ्यावर झुकतानासुद्धा तो श्वास धरायचा आणि डावीकडे सोडायचा. ती आधी रुसली, मग हसली, मग तिला सवय झाली. "माझ्यावर काय ठिपका पडणार आहे रे?" ती विचारायची. नंतर नंतर विचारायचीही थांबली. त्याच्यासमोर बसून ती दिवसभराचं बोलायची आणि तो ऐकायचा. घरात बोलणं तिचं आणि झेलणं कुणाचंच नाही, असं कितीतरी वर्षं चाललं, आणि त्यात काही कमी आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

आज साचा करुणेच्या देवीचा, ग्वानयिनचा होता, तळहाताएवढ्या सोन्याच्या नाण्याचा. पूर्वी सगळं हातानंच चालायचं. जो भाग आरसा राहायचा तो ब्रशनं लाखेखाली झाकायचा, उरलेल्यावर वाळूचा फवारा सोडायचा, इथे जाड, तिथे बारीक, कडेला नुसता हात फिरवल्यासारखा. म्हणजे सोन्यावर पदर दंवासारखा पांढरा उतरतो आणि भोवतालचं आकाश काळंभोर खोल. आता काचेच्या भिंतीपलीकडे एक यंत्र होतं, ते ठिपक्या-ठिपक्यानं उजेडाच्या सुईनं पदर टिपायचं आणि दमायचं नाही. शिंगगनकडे उरला होता फक्त चेहरा. चित्रकारांनी या खेपेला मागितलं होतं की वस्त्रं दंवाची असावीत आणि चेहरा आरशाचा. आणि खोलातल्या वळणांवर आरसा आणायला अजून तरी बांबूची टोकदार काडी, हिऱ्याच्या भुकटीचा लेप आणि एक म्हातारा हात लागत होता. तो दिव्याखाली बसला, श्वास भरून वाकला, आणि धरलेला श्वास तसाच अडकला. देवीचा चेहरा वर आलेला होता. ज्याला खोल बघायला त्यानं आयुष्य घातलं होतं तोच एक चेहरा आज गोल, भरलेला, ओठांच्या कडांवर उजेड घेऊन त्याच्याकडे येत होता. दिवा हलवून पाहिला. सावली खोलाचीच सांगत होती. डोळा ऐकत नव्हता. म्हणजे माणसं सगळी साच्यात गेली आणि साच्यातली देवी माणसात आली. त्याला एकदम युएचनसारखं काहीतरी त्या हनुवटीत दिसलं, आणि लगेच कळलं की तसं काही नाही. युएचनची हनुवटी कशी आहे हेच त्याला आठवत नव्हतं. घोगरा आवाज आठवत होता. चेहरा उलटा आठवत होता, गालावरचा तीळ आधी डावीकडे आला, मग उजवीकडे. डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणून त्यानं ते मिटून काम हातावर सोपवलं. काडी आपली वाट ओळखून नाकपुडीच्या कडेनं उतरली, गालावर फिरली, पापणीखाली थांबली. मान डावीकडे. श्वास. परत.

पहिली चाचणी दुपारच्या जेवणाआधी झाली. घासून उजळलेली चकती चिमट्यानं ठेवली, प्रेस सावकाश खाली आली, दाबली, उठली, पुन्हा दाबली, पुन्हा. सोनं मऊ असतं, पण एका दाबात चेहरा देत नाही. तपासणीवर पू लियिंग होती, टांकसाळीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई; तिच्या भिंगाखालून सुटलेलं नाणं देवाघरूनही परत येत नाही, असं पोरं म्हणत. तिनं चिमट्यात धरून ते दिव्याखाली तिरकं केलं, पुन्हा तिरकं केलं. "केस नाही, ओरखडा नाही, श्वास नाही," ती शेवटी म्हणाली. "उस्ताद, देवी बघतेय हो." तिनं भिंग त्याच्यापुढे केलं. त्यानं पाहिलं. काळ्या आरशात, दंवाच्या पदराआड, देवीच्या चेहऱ्याच्या जागी एक खळगा होता, आणि त्यात त्याच्याच रुमालाचा पांढरा तुकडा दिसत होता. त्यानं मान हलवली. लियिंगनं नाणं डबीत ठेवलं आणि आवाज खाली आणून वहिनींचं कसं आहे ते विचारलं. तो उभाच राहिला. तिनं वाट पाहिली, मग म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. इथे साचा नाहीये." तेवढ्यात फाटकावरून निरोप आला की दवाखान्यातून फोन आहे. परिचारिका म्हणाली, घरच्या कुणीतरी लगेच यावं. थोरली बहीण सकाळीच गावी गेली होती, झेलणाऱ्या बायांना आणायला. त्यांच्या बसनं अजून मोठा पूलही ओलांडला नव्हता.

दुपारची मेट्रो रिकामीच होती. समोरच्या बाकावर दोन-तीन चेहरे होते, सगळे आत गेलेले, आणि तो दारापाशी सरकला तसे सगळे त्याच्यामागे वळले. त्याला आता त्याची भीती वाटत नव्हती. वेगळीच वाटत होती. आवाज निघेल का? युएचनला आवडणारी एक कथा होती, घंटा ओतणाऱ्या एका कारागिराची. जन्मभर तो घंटा ओतत राहिला, नाव घ्यायला त्याला फुरसत झाली नाही, आणि मरताना जीभ जड झाली. तेव्हा गावोगावच्या देवळांत त्यानं ओतलेल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागल्या आणि त्याच्या वतीनं त्यांनी नाव घेतलं. त्या जागेवर म्हातारा कथेकरी डोळे पुसायचा. घरी येताना ती म्हणायची, तुझं काय बिघडलंय, तुझी नाणी वाजतील. त्यानं एकदाच उत्तर दिलं होतं, की आमची नाणी वाजत नाहीत; छाप पडली की लगेच डबीत बंद होतात, कुणाच्या हाताला लागत नाहीत, एकमेकांना लागत नाहीत. स्टेशनाबाहेरच्या भुयारी वाटेत कुणी नव्हतं. तिथे तो भिंतीशी थांबला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "अमितोफो." आवाज आला. गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आला. फरशीवरून थोडा पुढेही गेला. पुन्हा म्हणाला. मोठ्यानं आला. त्याला वाटलं, जमेल. एवढं तर जमेल. तो जवळजवळ धावतच वर आला.

खिडकीकडच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. परिचारिका बाहेर पडता पडता म्हणाली, ऐकू येतंय त्यांना, बोला. तो आत गेला. चेहरा आत गेलेला होता. उशीच्या पांढऱ्या मैदानात, पांढऱ्या केसांच्या कडेमध्ये, एक खोल, अतिशय बारीक काम केलेला चेहरा. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या केसाच्या टोकानं कोराव्यात तशा, ओठांचं वळण कुणाच्याही हाताला न जमणारं. सावली खिडकीच्या अंगालाच होती. आपण काय बघतोय हे त्याला ठाऊक होतं. हा डोळ्याचा दोष आहे, ही युएचन आहे, हिच्या कानाशी जायचंय, आवाज द्यायचाय. घशात शब्द तयार होता, भुयारातून आणलेला, अजून ऊबदार. तो खाटेवर वाकला. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांनी त्याला ओळखलं. तिचे ओठ हलले आणि तो चिरल्या बांबूचा आवाज आला, अगदी तळातून. "नमो," ती म्हणाली आणि थांबली. ओळ तिनं हवेत सोडली होती. आजवर दुसऱ्यांनी सोडलेली ओळ झेलत आलेल्या बाईनं पहिल्यांदा आपली ओळ सोडली आणि ती जणू कथेच्या टेबलापलीकडे बघत राहिली. आणि शिंगगनचे ओठ मिटलेले होते. श्वास छातीत भरलेला होता, गच्च. त्यानं तो भरल्याचं त्याला कळलंही नव्हतं. वाकतानाच भरला गेला होता. त्याच्या आतला माणूस ओरडत होता, अमितोफो, अमितोफो, आणि बाहेरचा माणूस खाली इतकं बारीक, इतकं स्वच्छ काम बघून हात मागे बांधून, ओठ दाबून उभा होता. तिनं पुन्हा ओठ हलवले. या वेळी आवाज नव्हता, नुसता आकार. ती रागावलेली नव्हती. ती फक्त वाट बघत होती, त्यानं उशीर केलाय म्हणून थोडी नवल करत. छाती फुटायला आली तेव्हा त्याची मान वळली. डाव्या खांद्याकडे. तिथे, पडद्याच्या निळ्या कापडावर, त्यानं श्वास सोडला, तिथेच नवा घेतला आणि परत आला.

परत आला तेव्हा चेहरा वर आलेला होता. सकाळपासून जे बुडालं होतं ते सगळं निमूटपणे वर आलं होतं. नाक, गालांची हाडं, ती हनुवटी. सावली खिडकीच्या उलट बाजूला पडली होती, जिथे पडायला हवी तिथे. तीळ उजवीकडे होता. तो किंचित सरकला. चेहरा त्याच्याबरोबर वळला नाही. तो आता कुणाबरोबरच वळणार नव्हता. ओठांमध्ये 'नमो'नंतरची जागा तशीच उघडी होती. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. भुयारातला आवाज भुयारातच राहिला होता. मग त्यानं दुसरं सगळं नीट केलं. हात लावला नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दोन पावलं मागे झाला, थेंब फरशीवर पडू दिला. परिचारिकेला हातानंच खूण केली. मग खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, वाट बघत. आता कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं.

बाया आल्या तेव्हा उन्हं कलली होती. थोरली बहीण पुढे, मागे गावच्या चौघी, हातात पिशव्या, पिशव्यांत मेणबत्त्या आणि लाकडी मासा. कुणी रडलं नाही. ताईनं एकदा बहिणीकडे बघितलं आणि माशावर हलकेच टिपरू पडलं, आणि त्या गाऊ लागल्या. ताई 'नमो' म्हणायची आणि चौघी पुढचं झेलायच्या, एकही उशीर न करता, आणि ती लहानशी, पडदा ओढलेली जागा हळूहळू अशी भरून गेली की बाजूच्या खाटेवरची म्हातारीही पुटपुटू लागली. जे एकट्याकडून व्हायचं होतं ते आता पाचांकडून, सुरेल, पाण्यासारखं वाहत होतं आणि आधीच रिकाम्या राहून गेलेल्या एका जागेच्या भोवतीनं जात होतं. बऱ्याच वेळानं ताई त्याच्यापाशी आली. तिनं खाटेकडे बघितलं, चादरीला न पडलेल्या सुरकुतीकडे, बहिणीच्या कोरड्या, स्वच्छ चेहऱ्याकडे, त्या किंचित उघड्या ओठांकडे. "नाव घेत घेत गेली ना?" तिनं विचारलं. "तोंडावरूनच कळतंय. तू झेललंस ना रे?" शिंगगन तिच्याकडे बघत राहिला. ताईचा चेहरा वर होता, सगळ्यांचे चेहरे आता वर होते. त्याच्या गप्प राहण्याची तिलाही सवय होती. ते गप्प राहणं तिनं होकार म्हणून घेतलं, आणि गावची रीत सोडून त्याच्या बाहीला हात लावला. "कसं नीट सांभाळलंस," ती म्हणाली. "थेंब नाही, बोट नाही. एक डाग नाही लागू दिलास माझ्या बहिणीला."

आणि ती पुन्हा गाण्यात गेली. शिंगगननं मान डावीकडे वळवली, खाटेपासून दूर, आणि तिथे श्वास सोडला.